चौदावा बिंदू

प्रवेशाचे दिवस होते. नंदुरबार जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या कचेरीत (नाव सांगत नाही) खिडकीशी धडगावकडचा एक बाप मुलीच्या शिष्यवृत्तीचे कागद घेऊन उभा होता. कारकून मराठीत विचारी, बाप पावरीत उत्तर देई. अखेर पाणी भरणाऱ्या शिपाईमामांना हाक गेली, आणि दोन वाक्यांत काम झाले. साऱ्या इमारतीत पावरी जाणणारा तेवढा एकच, आणि तो शिपाई!

हा जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झाला. 2011 च्या जनगणनेप्रमाणे इथली शेकडा 69 माणसे अनुसूचित जमातींची. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा. म्हणजे वर्गातल्या बाकांवर तेच अधिक असायचे. फळ्याजवळ मात्र कोण उभे असते, ते जाऊन पाहावे.

तुम्ही म्हणाल, राखीव जागा आहेत की! आहेत, राज्याच्या नोकऱ्यांत शेकडा सात. पण जागा राखीव असणे वेगळे आणि ती हाती लागणे वेगळे. कितवी जागा कोणाची हे एका तक्त्यावरून ठरते. त्याला बिंदुनामावली म्हणतात. केंद्रीय विद्यापीठांच्या तक्त्यात अनुसूचित जमातीचा पहिला क्रमांक लागतो चौदावा. सारे विद्यापीठ एक धरले तर चौदावी जागा लवकर येते. पण 2017 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने प्रत्येक विभाग वेगळा मोजायला सांगितले आणि 2018 च्या मार्चमध्ये अनुदान आयोगाने तसा हुकूम काढला. आता सांगा, इतिहासाच्या विभागात माणसे किती? पाच, फार तर आठ. तेरा जण लागल्याखेरीज आदिवासीची पाळीच नाही! देशभर ओरड झाली, तेव्हा 2019 मध्ये संसदेने कायदा करून संस्था हेच एकक पुन्हा ठरवले. महाराष्ट्रानेही 2021 मध्ये तसा कायदा केला.

दुसरी गोष्ट सांगायला जिभेला जड जाते. आदिवासींच्या जागांवर खोट्या दाखल्यांनी बसलेली माणसे आपल्यासारख्याच पांढरपेशा घरांत राहतात. 6 जुलै 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, दाखला खोटा ठरला की नोकरीही गेली. त्यानंतर 2019 च्या डिसेंबरात सरकारने अशा साडेबारा हजार जागा मोकळ्या करायचे ठरवले. साडेबारा हजार! त्या प्रत्येक जागेमागे कुठल्या तरी पाड्यावरचा एक पदवीधर वाट पाहत बसला होता.

तशातच तासिका तत्त्वाचे लचांड. कायम जागा भरायची नाही आणि तासाप्रमाणे मास्तर बोलवायचा. सुटीचा पगार नाही. शहरातल्या मुलाला अशा वेळी वडिलांचे पेन्शन असते. आश्रमशाळेतून सेटपर्यंत पोचलेल्या पावरा तरुणाने तसा आधार कुठून आणावा? तो तलाठ्याची नाही तर शिक्षकाची जागा धरतो आणि प्राध्यापकी सोडून देतो. त्याला नावे कोण ठेवील?

तुमच्या हाती हा अंक पडेल तेव्हा सातपुड्यातली किती तरी कुटुंबे मुलाबाळांसह गुजरातेत ऊसतोडीला निघालेली असतील. कॉलेजातल्या एखाद्या मुलीची हजेरी दिवाळीनंतर एकाएकी का तुटते, हे समजायला त्या ट्रकमध्ये कधी तरी बसलेला माणूस अध्यापकांच्या खोलीत हवा. निदान हजेरीपटावर तिचे नाव खोडण्याआधी तो घरी निरोप धाडील, आणि तोही पावरीत.