ठिपकाच छापा!

दूरच्या ताऱ्याभोवती नवा ग्रह सापडला, की मोबाइलवर लगेच त्याचं चित्र येतं. निळा समुद्र, ढग, वर दोन चंद्र! आपण ते पुढे पाठवतो आणि लिहितो, 'बघ, नव्या ग्रहाचा फोटो.' मित्रहो, तो फोटो नसतो. ते चित्रकाराने कल्पनेने काढलेलं असतं. बहुतेक ग्रह तर ताऱ्याच्या उजेडातला किंवा हालचालीतला बारीक फरक मोजूनच कळलेले आहेत. ज्या थोड्या ग्रहांचा खरा फोटो मिळाला, त्यात दिसतो फक्त एक ठिपका. माझ्या मते तोच छापला पाहिजे.

कारण तो ठिपका मिळवणं सोपं नाही. आपला सूर्य पृथ्वीपेक्षा सुमारे एक हजार कोटी पट तेजस्वी आहे. मग दुरून पृथ्वी दिसणार कशी? समोरून ट्रकचे हेडलाइट आले की आपण डोळ्यांपुढे हात धरतो. दुर्बिणीत ताऱ्याला असं झाकतो तो कोरोनाग्राफ. हवेमुळे थरथरणारी प्रतिमा आकार बदलणारा आरसा सावरतो. उरलेला ताऱ्याचा उजेड संगणक वजा करतो. अशा खटपटीतून २००८ साली एचआर ८७९९ या ताऱ्याचे तीन ग्रह दिसले, २०१० मध्ये चौथा. २०२५ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने टीडब्ल्यूए ७ बी टिपला. त्याचं वस्तुमान साधारण शनीएवढं.

कोणी म्हणेल, 'ठिपक्यात बघायचं काय? रंगीत चित्रामुळे मुलांना गोडी तरी लागते.' ते खरंच आहे. चित्र जरूर असू द्या, पण खाली 'कल्पनाचित्र' असं स्पष्ट लिहा.

हा हट्ट कशासाठी? फोमलहॉट ताऱ्याजवळ हबल दुर्बिणीने टिपलेला ठिपका २००८ मध्ये ग्रह म्हणून जाहीर झाला. २०१५ मध्ये त्याला 'डेगॉन' हे नावही मिळालं. पण वर्षावर्षांचे फोटो शेजारी ठेवल्यावर तो पसरत, फिकट होत गेलेला दिसला. २०१४ च्या फोटोत तर तो नव्हताच. तो ग्रह नसून टकरीतून उडालेला धुळीचा ढग असावा, असं २०२० मध्ये संशोधकांनी मांडलं. खरे फोटो जपलेले होते, म्हणून ही दुरुस्ती झाली. कल्पनेतला समुद्र कशाशी ताडून पाहणार?

आपण भाषेची मुलं. 'छायाचित्र' आणि 'कल्पनाचित्र' यांतला फरक आपणच नाही पाळला, तर कोण पाळणार? पुढच्या वेळी भित्तिपत्रकावर अशी बातमी लावाल, तेव्हा आधी तो ठिपका शोधा आणि मधोमध लावा.