शिकागोला निघालात? आधी पिकाचे वेळापत्रक मांडा



गेल्या महिन्यात राहुरी तालुक्यातील एका वस्तीवर हुमणी लागलेला ऊस पाहायला गेलो होतो. काम आटोपले, चहा आला आणि तात्यांनी हळूच विषय काढला. "साहेब, पोरगं शिकागोला बोलावतंय. सुनेची तारीख मे महिन्यातली. आत्ताच या म्हणतंय, थंडीत तिकीट स्वस्त असतं. सहा महिने राहा म्हणतंय. पर इकडं चार एकर ऊस, दोन म्हशी. कसं करावं?"

काकू दारातूनच म्हणाल्या, "नातवाचं तोंड बघायचंय साहेब, बाकी काय न्हाई."

आता आपल्या जिल्ह्यात अशी घरे थोडी नाहीत. पोरे शिकली, लांब गेली. दोन वर्षांपूर्वी खात्याची परवानगी काढून मी आणि सौ. मुलीकडे शिकागोला जाऊन आलो. तेव्हा तात्यांना जे सांगितले, तेच आज तुम्हाला सांगतो. हंगामाची आखणी करतो तशीच या प्रवासाची करायची.

पहिली गोष्ट तारखेची. शिकागो हे इलिनॉय राज्यातले, मिशिगन सरोवराच्या काठचे शहर. तिथली थंडी म्हणजे आपली पौषातली थंडी नव्हे. ३० जानेवारी २०१९ रोजी तिथे पारा उणे ३० अंशांपर्यंत उतरला होता. जमीन दगडासारखी गोठते. म्हातारी माणसे महिनोन्‌महिने घराबाहेर पडू शकत नाहीत आणि उगीच मन खाते. स्वस्त तिकीट अशा वेळी महागात पडते. मे महिन्यात मात्र तिथे आपल्या दिवाळीसारखी सुखद हवा असते. आपल्याकडे तेव्हा रब्बीची ज्वारी, गहू घरात आलेले असतात आणि खरिपाला अवकाश असतो. म्हणजे एप्रिलअखेर निघून जूनच्या पहिल्या आठवड्यात परतणे शेतकऱ्याला सोयीचे. सप्टेंबरात तिथली हवा चांगली, पण तेव्हा आपली बाजरी काढणीला आणि ज्वारी पेरणीला आलेली असते, हे विसरू नका.

दुसरी गोष्ट कागदांची. पासपोर्ट, आधार आणि सातबारा यांवरचे नाव जुळते का, ते आधी पाहा. बायकांच्या बाबतीत माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर, असा घोळ फार असतो. तो निस्तरायलाच दोन महिने जातात. व्हिसाचा अर्ज संगणकावर भरायचा असतो. त्यानंतर बोटांचे ठसे, फोटो आणि मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत. मुलाखतीची तारीख कधी कधी फार लांबची मिळते, म्हणून अर्ज लवकर करावा. मराठीत बोलायचे असेल तर तसे सांगावे. कोणाकडे जाता, कशासाठी, किती दिवस, परत का येणार, एवढेच विचारतात. खरे तेच सांगा. एजंट पढवील ते बोलू नका. सातबारा, आठ-अ आणि बँकेचे पुस्तक जवळ ठेवा. मागतीलच असे नाही. व्हिसा हाती पडल्याशिवाय तिकीट काढू नका आणि पीककर्जाचा पैसा तिकिटाला लावू नका. तिथे दवाखान्याचा खर्च आपल्या आवाक्याबाहेरचा असतो, म्हणून प्रवासाचा आरोग्य विमा उतरवलाच पाहिजे. बीपी-साखरेच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या.

तिसरी गोष्ट पिशवीची. इथे माझीच फजिती सांगतो. शिकागोच्या विमानतळावर मला विचारले, "शेतावर किंवा जनावरांजवळ गेला होता का?" मी हो म्हणालो. पिशवीतले बूट काढायला लावले, तर तळव्याच्या खाचांत माझ्याच बांधाची काळी माती! त्यांनी बूट धुऊन, औषध लावून परत दिले. तीस वर्षे लोकांना बीजप्रक्रिया शिकवणारा मी, मान खाली घालून उभा होतो. सौ.नी मुलीच्या परसासाठी चिंधीत बांधलेले वाल आणि दोडक्याचे बीही तिथेच राहिले. आपणहून दाखवले म्हणून दंड टळला.

राग मानू नका, कारण नियमामागे शास्त्र आहे. अमेरिकेत १९२९ नंतर जनावरांना लाळ्या-खुरकूत झालेला नाही. आपल्या गोठ्यातला रोग बुटाच्या तळव्याने तिथे पोचू शकतो. आपल्या साठवणीच्या गव्हाचे पीठ करणारा खपरा भुंगेरा तिथे जाऊ नये, म्हणून आपल्याकडचा तांदूळसुद्धा सामानात नेऊ देत नाहीत. आणि बाहेरून आलेले बी काय करते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. १९५५ च्या सुमारास पुण्यात लक्षात आलेले गाजर गवत परदेशी गव्हाबरोबर आले असे मानतात. आज ते आपल्या प्रत्येक बांधावर आहे. तेव्हा बी, रोप, माती, फळे, भाजी, मांस काही नेऊ नका. खाण्याचे जे काही न्याल ते विचारण्याआधी सांगा. बूट घरूनच घासून न्या. नातवासाठी गोधडी न्या, तिला कोणी अडवत नाही. ज्वारीचे पीठ, मसाले तिथल्या डेव्हॉन रस्त्यावरच्या आपल्या लोकांच्या दुकानांत मिळतात. महाराष्ट्र मंडळही तिथे १९६९ पासून आहे. मुलाला सांगा, म्हणजे मराठी बोलायला चार माणसे भेटतील.

आता पाहायचे काय? उंच इमारती मुले दाखवतीलच. ज्या ठिकाणी ११ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामी विवेकानंद बोलले, ती आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत पाहावी. पण शेतकऱ्याने दोन गोष्टी मुद्दाम पाहाव्यात.

एक म्हणजे सरोवर. आपला जिल्हा महाराष्ट्रात सर्वांत मोठा, १७ हजार चौरस किलोमीटरचा. ते सरोवर सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटरचे, म्हणजे असे तीन जिल्हे बुडून वर पाणी उरेल. पाणी गोडे. पलीकडचा काठ दिसत नाही. पूर्वी शहराची घाण नदीतून याच सरोवरात जायची आणि पिण्याचे पाणीही त्यातलेच. रोगराई वाढली. मग सुमारे ४५ किलोमीटरचा कालवा खोदून १९०० साली त्यांनी नदीच उलटी फिरवली. घाण खालच्या राज्यांकडे वाहू लागली. खालचे राज्य कोर्टात गेले. सरोवराकाठची इतर राज्येही पाण्यासाठी भांडली. शेवटी १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने इलिनॉय राज्याला मर्यादा घातली : सरोवरातून ३,२०० क्युसेकच पाणी घ्यायचे. एवढे अथांग पाणी, तरी मोजून! काठावर उभा राहून मला भंडारदरा, मुळा आणि जायकवाडी आठवले. वरचे आणि खालचे हे भांडण केवळ आपल्या गोदावरीचे नाही. आणि पाणी मोजल्यावाचून ते कुठेच मिटलेले नाही.

दुसरी म्हणजे ला सॅल रस्त्यावरची बोर्ड ऑफ ट्रेडची इमारत. हा धान्यबाजार १८४८ सालचा. शिखरावर सेरेस या धान्यदेवतेचा पुतळा आहे. तिच्या एका हाती गव्हाची पेंढी, दुसऱ्या हाती मक्याची थैली. मका, सोयाबीन, गहू यांचे पुढच्या महिन्यांचे सौदे इथे पूर्वी आरडाओरडा करून व्हायचे. २०१५ मध्ये तो गलका थांबला, आता संगणकावर चालतात. त्यांचे माप बुशेल. सोयाबीनचा एक बुशेल म्हणजे २७.२ किलो, म्हणजे आपल्या क्विंटलचे सुमारे ३.७ बुशेल. आपला भाव काही सगळा तिथेच ठरत नाही, पण तेल आणि पेंडीच्या जागतिक भावातून त्या सौद्यांची सावली आपल्या बाजार समितीपर्यंत येते. शहराबाहेर तासभर गेलात तर मे महिन्यात मक्याची पेरणी चाललेली दिसेल. पाहा, पण शेतात बूट घालून शिरू नका. का, ते आता कळले असेलच.

शेवटची गोष्ट घरची. निघण्याआधी शेणखत पसरून घ्या. घरच्या सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासा, ७० तरी उगवले पाहिजेत. उसाच्या पाळ्या, म्हशींचा चारा आणि लाळ्या-खुरकूतची लस कोणी पाहायची, हे भाऊबंदांशी बोलून वहीत लिहून ठेवा. तोंडी सांगितलेले पाणी निम्म्या सरीतच राहते.

तात्यांच्या घरी त्या संध्याकाळी आम्ही दिनदर्शिका खाली उतरवली. दोघांनी एप्रिलअखेर जायचे. तात्यांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात वाफशाआधी परतायचे. काकूंनी बाळ जरा धरेपर्यंत, सप्टेंबरपर्यंत राहायचे, अर्थात विमानतळावरचा अधिकारी तेवढी मुदत देईल तर. पुतण्या म्हशी पाहणार. तात्या जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चाळीस वर्षांत हिला सोडून एकट्यानं पेरणी केली न्हाई, साहेब."

काकू हसल्या. "बियाणं कुठं ठिवलंय ते लिहून जाईन," म्हणाल्या.

पुढच्या अंकात हुमणीच्या बंदोबस्ताविषयी.