सुगडातले धान्य आणि वाणाचा हक्क

लोणार तालुक्यातील बीबीच्या परिसरात भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि नव्या भाज्यांची मिसळ करण्याची, तर संक्रांतीला सुगडांत, म्हणजे मातीच्या लहान घटांत, हरभरा, बोरे व उसाचे करवे भरून ती पूजण्याची जी रीत आहे, तिचा आध्यात्मिक अर्थ पंचांगापेक्षा शेतात अधिक स्पष्टपणे सापडतो. आकाशातील उत्तरायण 21-22 डिसेंबरलाच सुरू होते; तरीही मकर राशीतील संक्रमणाचा दिवस अयनचलनामुळे, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाच्या संथ भ्रमणामुळे, आता 14-15 जानेवारीपर्यंत सरकला आहे. लोकस्मृतीला या अंतराची फारशी अडचण वाटत नाही, कारण तिने हा सण हाती आलेल्या पिकाशी बांधला आहे आणि पीक प्रथम दुसऱ्याच्या ओटीत घालणे हीच उपासना मानली आहे.

मात्र ओटीत घालायचे ते वाण, म्हणजे सणाची भेट, रथसप्तमीपर्यंत केवळ सवाष्णींनाच का, हा प्रश्न टाळणे आम्हांस योग्य वाटत नाही. विधवांना वगळणारी ही चौकट अटळ नाही: हेरवाड (जि. कोल्हापूर) ग्रामसभेने मे 2022 मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, आणि बीबीच्या जवळच्याच सिंदखेड राजात 12 जानेवारीला ज्या जिजाऊंचा जन्मोत्सव होतो, त्यांनी वैधव्यातही स्वराज्याची घडी सांभाळली.

हा अंक पिकाची उपासना आणि वाणाचा हक्क या दोन्ही धाग्यांनी विणला आहे. वाचकांनी आपल्या घरातील सुगडांच्या आठवणी, विशेषतः ज्यांना वाण नाकारले गेले त्यांच्या, आमच्याकडे अवश्य लिहून पाठवाव्यात.