फिकट अक्षरांचा कारभार

सातबाऱ्याचा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला ही कामे आता कचेरीच्या खिडकीवरून मोबाईलच्या पडद्यावर आली आहेत. जतहून सांगलीला किंवा म्हसवडहून साताऱ्याला घालावा लागणारा हेलपाटा त्यामुळे वाचतो, ही सोय थोडी नव्हे. परंतु खिडकीमागच्या कारकुनाला ‘जरा मोठ्याने सांगा’ असे म्हणता येत होते. पांढऱ्या पडद्यावरील फिकट करड्या अक्षरांना तसे सांगता येत नाही. मोतीबिंदू झालेला निवृत्त शिक्षक, अल्पदृष्टी असलेला विद्यार्थी, भर उन्हात बांधावर उभा राहून अर्जाची स्थिती पाहणारा शेतकरी, या साऱ्यांना ती अक्षरे असून नसल्यासारखीच. अर्ज कोणत्या त्रुटीमुळे अडला याची ओळ पडद्यावर असते. ती वाचता न आल्याने मुदत टळते आणि वर्षाची शिष्यवृत्ती हातची जाते.

हा प्रश्न अभिरुचीचा नव्हे, मोजमापाचा आहे. संकेतस्थळांच्या सुलभतेविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या २००८ सालच्या दुसऱ्या आवृत्तीने अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर सामान्य मजकुरासाठी किमान ४.५, तर मोठ्या अक्षरांसाठी किमान ३ असावे, असा दंडक घातला. शुभ्र पांढऱ्यावर गडद काळ्याचे गुणोत्तर २१ येते. संगणकात सहा सातांनी लिहिला जाणारा लोकप्रिय करडा रंग ४.४८ वर थांबतो, म्हणजे केसभर नापास होतो. शुद्ध पिवळ्याची तर १.०७ वरच बोळवण होते; सांगलीच्या बाजारात हळदीचा रंग कितीही शोभला तरी पांढऱ्या पडद्यावरील अक्षरांना तो मारकच. या गणितात हिरव्या प्रकाशाला सुमारे ७२ टक्के आणि निळ्याला अवघे ७ टक्के वजन असल्याने केवळ नजरेचा अंदाज येथे फसतो.

मराठीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि तिची चर्चा क्वचितच होते. मोठे अक्षर कोणते, हे ठरविताना मुख्यतः रोमन लिपी डोळ्यांसमोर होती. देवनागरीत शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली अर्थ वाहणाऱ्या बारीक खुणा असतात. रंग फिकट झाला की प्रथम नाहीसा होतो तो अनुस्वार; मग सांगलीची ‘सागली’ होते, आणि ‘त्यांचा’ व ‘त्याचा’ यांतील भेद पुसला जातो. दाखल्यावरील आडनावात असे घडले तर त्याची दुरुस्ती करण्यासाठी पुन्हा तोच हेलपाटा. म्हणून मराठी मजकुरासाठी ४.५ ही मर्यादा पुरेशी न मानता, त्याच तत्त्वांतील ७ हा अधिक कडक दंडक स्वीकारणे शहाणपणाचे ठरेल.

यावर उपाय म्हणजे सर्वांना वापरता येईल अशी एक खुली कोड लायब्ररी. आज प्रत्येक ठेकेदार रंग नव्याने निवडतो आणि चूकही नव्याने करतो. या लायब्ररीत तपासलेल्या रंगजोड्या असाव्यात, आणि त्यांना नावे रंगांवरून न देता ‘इशारा’, ‘मंजूर’, ‘त्रुटी’ अशी कामावरून द्यावीत. गुणोत्तर मोजणारा भाग काही ओळींचाच असतो. तो प्रत्येक बदलाच्या वेळी चालावा आणि कमी पडणारी जोडी प्रसिद्ध होण्यापूर्वीच अडवावी. लाल-हिरव्यातील फरक न कळणारी माणसे, विशेषतः पुरुष, समाजात आहेत. तेव्हा रंगासोबत शब्द हवाच. नेत्यांच्या छायाचित्रांवर छापलेल्या पांढऱ्या अक्षरांना मात्र कोणतीच लायब्ररी वाचवू शकणार नाही.

लायब्ररी लिहिणे सोपे आहे, सांभाळणे कठीण. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासूनचे आहे. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. दरवर्षी अंतिम वर्षाचे विद्यार्थी प्रकल्प करतात आणि निकालानंतर ते कपाटात जातात. त्याऐवजी एकाच कामाची जबाबदारी एका तुकडीने पुढच्या तुकडीला द्यावी, आणि अल्पदृष्टीच्या वापरकर्त्यांना शेजारी बसवून ते पारखावे. कारण यंत्राची तपासणी उत्तीर्ण झालेले पानही वाचायला त्रासदायक असू शकते.

कायद्याची बाजू तर स्पष्टच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा. सुलभतेचे नियम केवळ शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बजावले. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. आता दोन्ही जिल्हा परिषदांनी व सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने पुढच्या निविदेत एक अट घालावी: रंगगुणोत्तराचा तपासणी अहवाल जोडल्याखेरीज ठेकेदाराचे अंतिम देयक मंजूर होणार नाही.