आठ तासं ज्वारीची

शेतात बसून हुरडा खाल्लेल्यांनी हात वर करा पाहू! शहरातल्या बऱ्याच जणांचे हात खालीच राहिले असणार. ज्वारीचं कणीस दाण्यांनी भरतं, पण दाणे अजून हिरवे, मऊ असतात, तेव्हा ते निखाऱ्यात भाजायचं आणि गरम असतानाच तळहातावर चोळायचं. हातात उरतो तो हुरडा! आता तो शहरातही मिळतो म्हणे, पण थंड झालेला हुरडा म्हणजे वारा गेलेला फुगा.

गेल्या जानेवारीत आम्ही छत्रपती संभाजीनगरहून गाडीने लोणारला गेलो. मी, ताई, भाऊजी आणि त्यांची दोन कार्टी. घाई करायची नाही, वाटेत वाटेल तिथे थांबायचं, एवढंच ठरलं होतं.

पहिला मुक्काम सिंदखेडराजा. इथल्या लखुजी जाधवांच्या वाड्यात १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला. तिथून पुढे लोणार. काठावर उभं राहिलं की भाची एकदम गप्प झाली, आणि ती गप्प होणं ही काही साधी गोष्ट नाही! आकाशातून आलेल्या उल्केने काळ्या बेसाल्ट खडकात पाडलेला हा खड्डा काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. तळातल्या सरोवराचं पाणी खारट. जून २०२० मध्ये ते चक्क गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तर ती करामत खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांची निघाली. आणि गंमत म्हणजे याच खड्ड्याच्या कडेला गोमुखातून गोड्या पाण्याची धार पडते!

परत निघालो तेव्हा चार वाजले होते. गावाबाहेर रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून भाऊजी पाय मोकळे करत होते, इतक्यात शेतातून हाक आली, "ओ पाव्हणे, उभे काहून? या, दोन कणसं खाऊन जा!"

ओळख ना पाळख. पण हाक मारणाऱ्या आबांनी तोवर पोतं अंथरलंही होतं. खड्ड्यात गोवऱ्या पेटवलेल्या. याला आगटी म्हणतात. आजींनी कणसं चोळायला घेतली. हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा आणि वर ताक. पुढचा अर्धा तास कुणीच काही बोललं नाही!

मग भाच्याने विचारलं, "आबा, सगळीकडे हरभरा, आणि ज्वारी एवढीशीच का?"

"औंदा आठच तासं पेरली," आबा म्हणाले. हे तास घड्याळातले नव्हेत बरं का! पेरणीच्या एका ओळीला तास म्हणतात. पूर्वी आबांची एकरभर ज्वारी असे. माणसांना भाकरी आणि बैलांना कडबा. आता बैल गेले, ट्रॅक्टर आला. कडबा कुणासाठी? ज्वारी काढायला मजूर मिळत नाहीत. सोयाबीन आणि हरभऱ्याचे पैसे तरी होतात. आबांचा मुलगा म्हणत होता, पुढच्या साली हीही नको. मला त्याचं म्हणणं चूक वाटलं नाही. घर त्यालाच चालवायचं आहे.

शिवाय पाखरं! शिवारभर ज्वारी असली की पाखरं वाटून खातात. आठच तासं असली की सगळी फौज तिथेच उतरते. तेवढ्यात भोरड्यांचा थवा आलाच. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या मैना. मध्य आशियाकडून हिवाळ्यात इतक्या लांब येतात आणि नेमकी आबांची ज्वारी शोधून काढतात! आबांनी गोफण फिरवली. दगड सुटला, सट्ट आवाज झाला, थवा उडाला, अन् वळसा घालून परत हजर.

निघताना भाऊजींनी खिशात हात घातला. आजी रागावल्याच. "पाव्हण्याकडून पैसे घेते का कोनी?" भाऊजींचा हात खिशातच राहिला. भाचा मात्र म्हणाला, "आबा, मी राखण करू?" गोफण काही त्याला जमली नाही. पहिला दगड मागेच गेला, आमच्या गाडीच्या दिशेने! मग आजींनी त्याच्या हाती डबा आणि काठी दिली. सूर्य बुडेपर्यंत दोघं भावंडं डबा बडवत, "हाऽऽ हुर्रऽऽ" ओरडत बांधावरून धावत होती. दुसऱ्या दिवशी दोघांचे घसे बसले.

ऑक्टोबरात, पेरणीच्या दिवसांत, भाच्याने आठवणीने आबांना फोन लावला. "आबा, ज्वारी पेरली का?"

"पेरली ना बाप्पा. नऊ तासं. नववं तुह्या नावाचं. राखायला ये."