न दिसणारा थकवा आणि चाळीस टक्क्यांची अट

‘सोंग करतोय.’ मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस, झालेल्या मुलाला आजारासोबत हा शेराही सोसावा लागतो. कालपर्यंत मैदानावर पळणारा मुलगा आज दुसऱ्याच तासाला बाकावर डोके टेकतो. ताप नाही, पायाला प्लास्टर नाही. मग शाळेत तो आळशी ठरतो आणि घरात लाडावलेला.

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंवरचे मायलिनचे आवरण खराब करते. विजेच्या तारेवरचे प्लास्टिक जागोजागी झिजावे, तसे हे होते. नजर धूसर होते, हातपाय बधिर होतात, तोल जातो. हा मुख्यतः तरुण वयातला आजार; पण शंभरातल्या तीन ते पाच रुग्णांत तो अठराव्या वर्षाआधीच सुरू होतो. मुलांमध्ये तो बहुधा उसळतो, ओसरतो, पुन्हा उसळतो. औषधांनी या उसळ्या कमी करता येतात. थकवा, विसराळूपणा आणि उदासी मात्र तेवढ्याने जात नाहीत.

मुलांचे जगणे कसे चालले आहे हे मोजण्यासाठी ‘पेड्सक्यूएल’ नावाची प्रश्नावली वापरतात. तिचे चार भाग आहेत: शरीर, भावना, सवंगडी आणि शाळा. मुलाला आणि पालकांना वेगवेगळे विचारतात, आणि उत्तरे पुष्कळदा जुळत नाहीत. चारपैकी तीन भाग एकट्या डॉक्टरांच्या हातात नाहीत. ते आपल्याही हातात आहेत.

आपला कायदा इथे मदतीला येतो का? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत एमएसचा समावेश आहे. मात्र मोफत शिक्षणासारखे अनेक लाभ ४० टक्के दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर अवलंबून आहेत. उसळत्या-ओसरत्या आजाराची टक्केवारी कोणत्या दिवशी काढायची? चांगल्या दिवशी तपासणी झाली, तर मूल कागदावर धडधाकट ठरते.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट फेटाळली. त्यानंतर २०२२ मध्ये केंद्र सरकारने, लिहिण्यात अडचण असलेल्या ४० टक्क्यांखालील दिव्यांगांनाही लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटे जादा देण्याच्या सूचना काढल्या. पण ही सवलत परीक्षेपुरती. वर्षाच्या बाकीच्या दिवसांचे काय?

त्याचे उत्तर याच कायद्याच्या कलम १६ मध्ये आहे. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी प्रत्येक दिव्यांग मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी द्याव्यात, असे ते सांगते. त्यात ४० टक्क्यांची अट नाही. सोयीही महागड्या नाहीत: तळमजल्यावर वर्ग, मधल्या सुट्टीत आडवे व्हायला जागा, उन्हातल्या कवायतीतून सूट (उष्णतेने त्रास वाढतो), उसळीनंतर बुडालेला अभ्यास भरून काढायला सवड.

घरानेही एक गोष्ट सोडायला हवी: लपवाछपवी. वयात आल्यानंतर हा आजार मुलांपेक्षा मुलींना अधिक होतो. ‘पुढे लग्न अडेल’ या धास्तीने आजाराचे नावच घेतले नाही, तर मुलीची सवलतही जाते आणि शाळाही.

म्हणून पालक-शिक्षक सभेत कलम १६ चे नाव घ्या. सोयींची मागणी लेखी द्या, पोच घ्या. आणि त्याआधी मुलालाच विचारा, ‘तुला काय जड जातंय?’ जे उत्तर येईल, ते खरे माना.