झेला माझा, आंबा कुणाचा?

हेदवीच्या घरात बसून, वीज असेल तेव्हा, मी दोन वर्षं एक एम्युलेटर लिहितोय. निन्टेंडोचा फॅमिकॉम १९८३ साली जपानात निघाला. त्या यंत्रासारखं हुबेहूब वागणारं सॉफ्टवेअर म्हणजे माझा एम्युलेटर. मूळ यंत्रात प्रोसेसरच्या एका ठोक्यामागे चित्राच्या चिपचे तीन ठोके पडतात. हे गणित मोबाइलवर जुळवण्यात माझ्या कित्येक रात्री गेल्या. ॲप फुकट आहे, कोडही खुला आहे.

आणि मेसेज काय येतात? "दादा, गेमची लिंक टाका ना." "गेमच नाहीत तर ॲप काय चाटायचंय?" गेल्या महिन्यात तर कहर झाला. कुणीतरी माझाच एम्युलेटर मेमरी कार्डात भरला, सोबत शेकडो गेम कोंबले आणि विकायला काढला. वर 'बनवणारा' म्हणून माझं नाव!

तेव्हा आज स्पष्ट सांगतो. लिंक मिळणार नाही. मागणाऱ्याला ग्रुपमधून काढणार, मग तो माझ्या वाडीतला का असेना.

कोकणातल्या माणसाला हे कळायला अवघड नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नूतन झेला काढला. झेला बनवणं ही चोरी नव्हे. पण तोच झेला घेऊन गडग्यावरून दुसऱ्याच्या कलमाचे आंबे उतरवलेत, तर उद्या राखणदार नुसता झेला बघूनच दगड मारील. एम्युलेटरचं तेच आहे.

सोनीने कनेक्टिक्सच्या एम्युलेटरवर खटला भरला, तेव्हा २००० साली अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने कनेक्टिक्सची बाजू उचलून धरली. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ सुद्धा कायदेशीर प्रत असणाऱ्याला बॅकअप काढू देतं. आम्ही उभे आहोत ते एवढ्याच जागेवर. आता २०२४ बघा. 'युझू' एम्युलेटरवर निन्टेंडोने खटला भरला. कुलूप तोडल्याचा आरोप होताच, शिवाय झेल्डाचा नवा गेम बाजारात येण्याआधीच दहा लाखांहून जास्त वेळा बेकायदा उतरवला गेला, असंही म्हटलं होतं. आठवड्याभरात २४ लाख डॉलरची तडजोड झाली आणि युझू बंद पडला. फुकटे मोकळे सुटले, लिहिणारे अडकले.

"लहानपणी तूही '९९९ इन वन' कॅसेट खेळलास ना?" हो, खेळलो. नावं ९९९, गेम जेमतेम बारा. ती नकली आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं आणि मूळ कॅसेट आमच्याकडे कुठे दिसायचीही नाही. आज ठाऊक आहे.

"कंपनी जुने गेम विकतच नाही, मग करायचं काय?" तक्रार खरी आहे. पण मालक मुंबईला आहे आणि आंबे झाडाखाली कुजतायत म्हणून बाग तुमची होत नाही. मालकाशी भांडा, मीही सोबत येतो.

आणि खेळायचंच असेल, तर फॅमिकॉमसाठी आजही हौशी मंडळी नवे गेम लिहितात, कित्येक जण स्वतःच फुकट देतात. पुढच्या आवृत्तीत त्यांचेच गेम असतील, त्यांना विचारून घेतलेले.

मेमरी कार्डवाल्या भावा, कोड खुशाल ने, तो खुला आहे. पण ते चोरीचे गेम काढ, नाहीतर माझं नाव तरी काढ.

बाकीच्यांनो, ही पोस्ट मात्र बिनधास्त कॉपी करा. ही माझी आहे आणि मी परवानगी देतोय.